ग्राहक आयोगाबाहेरचा बाक

धानाच्या बांधावरून चाललं की लुगड्याला कुसळं चिकटतात ना, तसे हे किस्से. आपण काही गोळा करायला जात नाही. घरी येऊन पदर झटकला की दिसतात, आणि मग एकेक काढत बसावं लागतं.

मी भंडाऱ्यात वकिली करते. लांजेवार मॅडम म्हणतात मला सगळे, चिडले की घरचेसुद्धा! आधी शेतीच्या वाटण्या, बांधाची भांडणं असली कामं करायचे. मग बाळंतपणात बिघडलेलं एक प्रकरण हाती आलं, ते लढले, आणि 'डॉक्टरवर केस टाकणारी बाई' असं नावच पडून गेलं. बाळंतपणात कोणी हलगर्जीपणा केला आणि लेकरू कायमचं अधू झालं, की लोक आता थेट माझ्याकडे येतात. निम्म्यांना मी परत पाठवते, कारण प्रत्येक वाईट बाळंतपणात डॉक्टरची चूक असतेच असं नाही. बरेच डॉक्टर जीव तोडून काम करतात बापा! पण हे सांगितलं की समोरचा माणूस रडतो, आणि मी चिडते. रडणाऱ्यापुढे काय करावं ते मला सुचत नाही, म्हणून चिडते, दुसरं काही नाही.

उरलेल्यांना घेऊन मी जिल्हा ग्राहक आयोगात जाते. तिथे खोलीबाहेर एक लांब लाकडी बाक आहे. आईबाप लेकरांना मांडीवर घेऊन त्या बाकावर बसतात आणि पुकाराची वाट बघतात. हे सगळे किस्से त्या बाकावरचे. निकाल काय लागले ते मात्र विचारू नका. काही जिंकलो, काही हरलो, काही अजून चाललेच आहेत.

* * *

नवीन माणसाला तो बाक दवाखान्याचाच वाटतो. दोष कसा द्यावा? तीच पोरं, तशाच पिशव्या, तसंच दार उघडून नाव पुकारणं. एका म्हातारीनं तर शेषराव शिपायाला विचारलं होतं, "बाबू, डाक्टर कवा येते?"

उमेश वरठीचा. तिथे कारखान्यात कामाला. त्याच्या पोराचं नाव वेदांत. बाळंतपणाच्या वेळी आईला फार वेळ तसंच ताटकळत ठेवलं, पोराच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, आणि पोरगं मान धरेनासं झालं. पहिल्याच तारखेला शेषरावनं नाव पुकारलं. उमेश आत गेला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं वेदांतला अध्यक्षांसमोरच्या टेबलावर आडवं केलं, आणि शर्टाची बटणं काढायला लागला!

"अहो, काय करताय?" अध्यक्ष दचकले.

"तपासा नं सायेब."

"मी डॉक्टर नाही हो!"

"ते बरंच हाय सायेब," उमेश म्हणाला. "डाक्टर लोकायनं लय तपासलं. आता तुमी पाहा."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग खरंच वाकून पाहिलं त्यांनी पोराकडे. वेदांत त्यांच्या पेनाकडे बघून हसला. त्या दिवशी आमचं बाकी काहीच काम झालं नाही, पुढची तारीख घेऊन आलो.

* * *

या कामाचा मला झालेला त्रास सांगते. मला ताप आला. माझा डॉक्टर म्हणजे शाळेतला वर्गमित्र, एका बाकावर बसून चिंचा खाल्लेल्या आम्ही. मी गेले तर हा माणूस आधी केसपेपर लिहायलाच बसला. कधीपासून ताप, किती वाजता चढला, आदल्या दिवशी काय खाल्लं. दोन पानं भरली! मग कंपाउंडरला हाक मारून बाजूला उभं केलं आणि मला म्हणाला, "थर्मामीटर लावतो. हरकत नाही ना? मग इथे सही कर."

"अरे बावा, मी आहे मी! लांजेवार!"

"म्हणूनच तर!" तो म्हणाला.

केली सही. काय करता!

* * *

वनिता सेलोकर आली तेव्हा तिची मुलगी खुशी काही महिन्यांची होती. तुमसरकडचं खेडं, नवरा राइस मिलमध्ये. खुशीचा डावा हात खांद्यापासून लुळा, तळवा मागे वळलेला. बाकी पोरगी टवटवीत, उजव्या हातानं माझ्या टेबलावरचे सगळे कागद खाली पाडले तिनं.

मी सगळ्यांना विचारते तेच विचारलं. तुम्हाला नेमकं काय पाहिजे? पुरुषमाणसं बहुतेक आकडा सांगतात. बाया गप्प बसतात. वनिता गप्प बसली नाही.

"जजसायेबानं सांगावं, का हे ग्रहणानं नाई झालं."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. ती पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं. गरोदर बाईनं ग्रहणात चिरायचं नाही, कापायचं नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ. पण नवऱ्याची पाळी होती, डबा द्यायचा होता. ती पावशीवर, म्हणजे विळीवर, बसली आणि चार वांगी चिरली. सासूनं पाहिलं. खुशी जन्मली, तिचा हात हलेना, तेव्हा सासूबाई, म्हणजे सगुणाबाई, साऱ्या बायांपुढे म्हणाल्या, "वांग्याचं देठ तोडलं, तसा पोरीचा हात तोडला इनं." झालं. गावानं तेच धरलं. जावेच्या ओटीभरणाला वनिताला मागच्या खोलीत भांड्यांपाशी बसवलं, पोटुशी बाईवर तिची सावली पडू नये म्हणून! कोणी शेजारीण गरोदर असली, की ही दिसताच रस्ता बदलायची.

"पैसे भेटो का न भेटो मॅडम," वनिता म्हणाली, "मले माया घरात उजळ माथ्यानं राहाचं हाय."

"अगं बाई, निकालपत्रात ग्रहणाबद्दल कोणी लिहीत नसतं."

"मंग कोन लिहिते?"

मी फाइल उघडली आणि तिचं नाव लिहिलं.

* * *

अशा केसला तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं. म्हणजे एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरची चूक लिहून द्यायची. आता बोला!

वनिताची फाइल घेऊन मी नागपूरला एका मोठ्या प्रसूतितज्ज्ञांकडे गेले. सज्जन माणूस. त्यांनी सगळं नीट वाचलं आणि मला समजावून सांगितलं. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. अशा वेळी पोटावरून दाबायचं नसतं, आणि डोकं धरून ओढायचं तर मुळीच नसतं. त्यानं अडकलेला खांदा आणखी अडकतो, मानेजवळच्या नसा ताणतात, तुटतात, आणि हात जातो.

"म्हणजे इथे चूक झाली?"

"शंभर टक्के."

"लिहून देता?"

"चहात साखर किती?" डॉक्टरांनी विचारलं.

चहा चांगला होता. असा चहा मी आणखी दोन ठिकाणी प्याले. शेवटी एका तरुण डॉक्टरणीनं लिहून दिलं. तिनं चहा विचारलासुद्धा नाही. पण तिनं लिहिलं ते असं, की 'पोटावर दाब दिला गेला असल्यास' ही गंभीर चूक आहे. असल्यास! आणि वनिता जिथे बाळंत झाली त्या नर्सिंग होमच्या कागदावर तर लिहिलेलं, डॉक्टर हजर होते, दाब दिला नाही, सगळं नियमानं झालं. वनिताला त्या वेळचं धड काही आठवत नव्हतं, कळांनी शुद्धच हरपली होती तिची. त्या खोलीत घरचं दुसरं एकच माणूस होतं. सासू! नर्सनं तिला हाताशी म्हणून आत बोलावलं होतं.

म्हणजे ग्रहण नव्हतं हे सांगू शकणारी बाई एकच, आणि तीच ग्रहण होतं म्हणत होती.

* * *

सगुणाबाई प्रत्येक तारखेला यायच्या. मुलाला सुट्टी मिळायची नाही, आणि सून एकटी लेकरू घेऊन एसटीनं कशी जाणार, म्हणून. डबा त्यांच्याकडे, पाण्याची बाटली त्यांच्याकडे. बाकाच्या टोकाला बसायच्या, दोन्ही हात पदराखाली.

पण खुशीला त्यांनी हात लावलेला मी कधी पाहिला नाही. पोरगी झोपेत बाकावरून घसरायला लागली, तर "वनिताऽऽ!" म्हणून केवढ्यानं ओरडतील, पण पदराखालचा हात बाहेर काढणार नाहीत. आपल्याकडे लहान बाळाला तेल चोळायचं काम आजीचं. ते यांनी पहिल्या दिवसापासून शेजारच्या बाईला लावलेलं. मला संताप यायचा. मी शेषरावला म्हटलंसुद्धा, "ही बाई हात घरी ठेवून येते वाटतं!" शेषराव तंबाखू मळता मळता खो खो हसला.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारायचे, "आजी, त्या खोलीत तुम्ही होता ना?"

"होतो."

"काय पाहिलं?"

"मले काई याद नाई."

"काहीच नाही?"

"तिनं वांगे चिरले, ते पाहिलं."

मी पाय आपटत परत यायचे. दर तारखेला विचारायचे आणि दर तारखेला हेच.

एका थंडीत बाकावर एक नवीन आई आली. तिच्या बाळाचा हात खुशीसारखाच. ती स्वेटर घालत होती आणि बाळ किंचाळत होतं. वनिता उठली आणि तिच्या हातातून स्वेटर घेतलं.

"अवो, काऊन ओढून राहिल्या? आदी दुखरा हात, मंग चांगला. काढतानी उलटं. आदी चांगला, मंग दुखरा."

बाळ गप्प झालं. मग बाकावरच्या सगळ्यांना तिनं ते करून दाखवलं. उमेशनं वेदांतवर करून पाहिलं. पुढे माझ्या आईचा खांदा मोडला, तेव्हा मीही तसंच पोलकं घातलं तिला. सगुणाबाई बाकाच्या टोकावरून बघत होत्या.

* * *

मधे एक हसण्यासारखं सांगते, नाहीतर तुम्ही उठून जाल. आमचे अध्यक्ष पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले. त्यांनी पावसाळ्यात वनिताच्या केसला तारीख दिली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, पुढची द्या. रोवणी आहे."

"रोवणी म्हणजे काय कार्यक्रम असतो?"

मी सांगितलं, धानाची रोपं चिखलात लावायची असतात, बाया सगळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, असतात, माझी तक्रारदार आणि तिची सासू दोघी रोवायला जातात. अध्यक्षांनी समोरच्या बाजूला पाहिलं. तिथे नर्सिंग होमचे वकील गिरीपुंजे. म्हटलं, आता हा माणूस विरोध करणार. तो उठला आणि म्हणाला, "सर, हरकत नाही. माझ्याही शेतात रोवणी आहे."

अध्यक्ष स्टेनोकडे वळले. "लिहा, दोन्ही पक्षांच्या विनंतीवरून..."

"सर," स्टेनो म्हणाली, "त्या आठवड्यात मी पण सुट्टी टाकली आहे."

* * *

गिरीपुंजे वाईट माणूस नाही. आत कडाकडा भांडतो आणि बाहेर येऊन माझ्याच डब्यातली चटणी खातो. पण वनिताच्या उलटतपासात त्यानं मला फार दुखावलं. आमच्याकडे एरवी सगळं शपथपत्रावर चालतं, या केसमध्ये तोंडी उलटतपासाची परवानगी मिळाली होती. त्यानं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग हळूच म्हणाला, "तुम्ही गरोदर असताना ग्रहणात भाजी चिरली, हे खरं का?"

मी ताडकन उठले. पण माझ्याआधी अध्यक्षच बोलले.

"गिरीपुंजे, हा बचाव तुमच्या डॉक्टरसाहेबांचा आहे का? तसं असेल तर लिहून घेतो. त्यांच्या डिग्रीसकट!"

सगळी खोली हसली. शेषराव दारात हसला. मी पण हसले. गिरीपुंजेनं प्रश्न मागे घेतला. वनिता मात्र ताठ उभी होती आणि म्हणाली, "हो, चिरले. खोटं कायले बोलू?"

बाहेर बाकावर आलो. मी खुशीत होते. म्हटलं, "बघितलंस? कसं उडवून लावलं साहेबांनी!"

वनिता खुशीच्या वेण्या घालत होती. खुशी तोवर शाळेत जायला लागली होती.

"सायेब हासले मॅडम," ती म्हणाली. "पण नाई म्हटलं नाई त्यायनं."

बाकाच्या टोकाला सगुणाबाई होत्याच. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी डबा उघडला आणि झाकण परत लावून टाकलं. दोघींपैकी कोणी जेवलं नाही त्या दिवशी.

* * *

हे सांगू की नको असं मला दर वेळी होतं.

उमेशचा वेदांत गेला. दोन तारखांच्या मधे, न्यूमोनियानं. मला माहीत नव्हतं. तारखेच्या दिवशी उमेश आला आणि बाकावर बसला. मांडी रिकामी, हातात वेदांतची पाण्याची बाटली, ती नळीवाली. शेषरावनं नेहमीसारखं पुकारलं, "वेदांत तर्फे वडील उमेऽऽश..." उमेश उठून उभा राहिला. "हजर हाय."

"पोरगा कुठे?" मी विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

"सुट्टी टाकून ठेवली होती मॅडम," तो म्हणाला. "घरी काय करू, म्हणून आलो."

त्याला समजावून सांगावं लागलं, की केस बंद होत नाही, आता मुलाच्या जागी वारस म्हणून त्याचं नाव लावावं लागेल. त्यानं दोनदा विचारलं.

"बापाले पोराचा वारस म्हनते कायद्यात?"

"हो."

"उलटं झालं नं हे मॅडम!"

मला रडू आलं. भर आयोगात, काळ्या कोटात! चिडताही आलं नाही. मी फाइल तोंडापुढे धरून उभी राहिले.

उमेश परत बाकावर जाऊन बसला. शेजारी सगुणाबाई होत्या. त्यांनी त्या बाटलीकडे बघून विचारलं, "तूच पाजे का त्याले?"

"हो आजी. पाजणं, पुसणं, उचलणं, समदं मीच करो."

"आता?"

"आता काई नाई. आता हात रिकामे."

सगुणाबाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. एसटीची वेळ झाली तरी त्या उठेनात. वनिता दोनदा हाक मारून गेली. मी निघाले तेव्हा त्या माझ्या मागे जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, साक्षीत मायं नाव टाका."

* * *

मी त्यांचं शपथपत्र केलं. डॉक्टर हजर नव्हते. नर्स त्यांच्याशी फोनवर बोलत होती. बाळाचा खांदा अडकला. पोटावर दाब देण्यात आला. एवढंच सांगितलं त्यांनी आणि मी एवढंच लिहिलं. आमची कागदावरची भाषा अशीच असते, 'देण्यात आला'. मी समजले, नर्सनंच दिला.

उलटतपास थंडीच्या दिवसांत आला. खोलीत मागच्या खुर्चीवर वनिता, तिला टेकून खुशी. सगुणाबाई पुढे उभ्या, हात पदराखाली. गिरीपुंजेनं कागद पाहिला आणि शांतपणे विचारलं, "आजी, पोटावर कोणी दाबलं? नर्सनं?"

"नाई. नर्सचे हात खाली होते. ते पोरीचं डोस्कं ओढून राहिली होती."

"मग कोणी दाबलं?"

सगुणाबाईंनी पदराखालून दोन्ही हात काढले आणि समोरच्या टेबलावर ठेवले. एवढ्या वर्षांत मी ते हात पहिल्यांदा नीट पाहिले. रोवण्या करून फुगलेली बोटं.

"ह्यायनं," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही दाबलं?" गिरीपुंजेनं विचारलं.

"नर्सनं फोनवर डाक्टरले इचारलं. मंग मले म्हने, आजी, या स्टुलावर चढा आनं वरून दाबा, जोर लावून. मी चढलो. बांधीतली बाई मी सायेब, हातात जोर लय. दाबलं. ते म्हने आखीन, आखीन दाबलं. आत काईतरी तटकन झालं. ते कोनाले आयकू नाई आलं. हाताले समजलं माह्या."

स्टेनोची बोटं तशीच वर राहिली होती.

"मग आजी," गिरीपुंजेचा आवाज पडला होता, "इतकी वर्षं तुम्ही ग्रहण ग्रहण म्हणत होता, ते?"

"ग्रहण बरं होतं सायेब. ग्रहणाले हात नसते."

गिरीपुंजे खाली बसला. पुढे काही विचारायचं नाही म्हणाला. मग अध्यक्षांनीच विचारलं, "आजी, तुम्ही आपल्या मनानं दाबलं, की सांगितलं म्हणून?"

"सांगतलं म्हनून," सगुणाबाई म्हणाल्या. "पन हात तं माहेच नं."

अध्यक्षांनी स्टेनोला एकेक शब्द सावकाश सांगून लिहून घ्यायला लावला. सगुणाबाईंनी अंगठा दिला. मागे बघायची मला हिंमत झाली नाही.

बाहेर आलो. बाकावर त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. सगुणाबाई आपल्या टोकाला जाऊन बसल्या. हात पुन्हा पदराखाली. वनिता दुसऱ्या टोकाला. मधे सगळा बाक रिकामा, आणि खुशी दोघींच्या मधे उभी. मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर शेषरावनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

खिडकीतून गार वारं येत होतं.

"आई, थंडी वाजून राहिली," खुशी म्हणाली.

वनितानं पिशवीतून लाल स्वेटर काढलं. झटकलं. बराच वेळ ते हातात धरून बसली. मग उठली, बाकाच्या त्या टोकाला गेली आणि स्वेटर सासूच्या मांडीवर ठेवलं.

सगुणाबाईंनी वर पाहिलं. मग हात बाहेर काढले. स्वेटर आधी उलटंच धरलं त्यांनी. खुशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. सगुणाबाईंनी चाचपडत एक बाही पकडली आणि नातीचा उजवा हात धरायला गेल्या.

"आदी डावा हात, आत्याबाई," वनिता म्हणाली. "मंग उजवा."